लुबिचचं दार आणि ब्रीनची कात्री

जुन्या हॉलीवूडवर जीव असलेल्या माणसांत एक मत इतकं मुरलेलं आहे की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. तेव्हा सेन्सॉरचा कडक पहारा होता, उघडपणे काही दाखवायची सोय नव्हती, त्यामुळे लेखक-दिग्दर्शकांना डोकं लढवावं लागलं आणि म्हणूनच ते सिनेमे एवढे तरल, सूचक आणि देखणे झाले, असं ते मत. आता मोकळीक मिळाली आणि सिनेमा भडक झाला, असा त्याचा पुढचा भाग. फिल्म सोसायटीच्या गप्पांत हे ऐकू येतं, रविवारच्या पुरवण्यांत वाचायला मिळतं. आपल्याकडे एखादा चित्रपट प्रमाणन मंडळात अडकला की कुणीतरी जाणकार टीव्हीवरच्या चर्चेत हाच दाखला देतात. दोन फुलं एकमेकांवर डोलली तरी आम्हाला सगळं कळायचं, असंही वर सांगतात.

हे सिनेमे मलाही मनापासून आवडतात. त्यातले कित्येक मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि पुढेही पाहीन. पण त्यांची थोरवी कात्रीच्या नावे जमा करणं मला मान्य नाही. एकतर ते इतिहासाला धरून नाही. आणि त्या कात्रीपायी ज्यांचं आयुष्य, ज्यांची कला आणि ज्यांची गोष्ट पडद्यावरून पुसली गेली, त्यांची आठवणसुद्धा हे मत शिल्लक ठेवत नाही.

आधी ती कात्री होती कशी, ते पाहू. १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांची आपापली सेन्सॉर मंडळं होती, शहरांची वेगळी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलीवूडमध्ये दोन-तीन मोठी लफडी गाजली आणि धर्मसंस्था, महिला मंडळं, वर्तमानपत्रं खवळली. तेव्हा स्टुडिओंच्या मालकांनी १९२२ मध्ये आपली संघटना काढली आणि माजी पोस्टमास्टर जनरल विल हेज यांना तिच्या प्रमुखपदी बसवलं. सरकारने नियम लादण्याआधी आपणच आपल्याला आवर घालतो आहोत, हे दाखवणं हे हेज यांचं काम. १९३० साली मार्टिन क्विग्ली हा कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हा जेझुइट पाद्री या दोघांनी लिहिलेली 'प्रॉडक्शन कोड' नावाची संहिता स्टुडिओंनी स्वीकारली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या, पापाच्या बाजूला जाता कामा नये. विवाहसंस्थेचं पावित्र्य राखलं पाहिजे. धर्मगुरूंची टिंगल नको. कामुक चुंबनं नकोत. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले शरीरसंबंध नकोत. समलैंगिकतेचा तर सूचक उल्लेखही नको. अशी ती यादी होती.

पहिली चार वर्षं ही संहिता बऱ्यापैकी कागदावरच राहिली. स्टुडिओ तिच्याकडे काणाडोळा करत. मग कॅथलिक चर्चच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी'ने बहिष्काराची मोहीम उघडली. १९३४च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन या कडव्या कॅथलिक गृहस्थाच्या हाती नवं कार्यालय आलं. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय सिनेमा प्रदर्शित केला तर २५,००० डॉलर दंड. दंडापेक्षाही खरी मेख दुसरीकडेच होती. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, आरकेओ आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हे पाच बडे स्टुडिओ सिनेमे काढत, तेच वितरण करत आणि थिएटरंही त्यांचीच. देशातल्या एकूण थिएटरांपैकी जेमतेम १७ टक्के त्यांच्या हाती होती, पण मोठ्या शहरांत नवा सिनेमा पहिल्यांदा जिथे लागे, त्यातली सुमारे ७० टक्के थिएटरं त्यांचीच. ब्रीनने नाही म्हटलं की सिनेमा लावायला जागाच उरत नसे. पटकथेचा पहिला खर्डा लिहून झाला की तो ब्रीनकडे जाई आणि पानापानावर हरकती घेऊन परत येई. चित्रीकरण त्यानंतरचं. म्हणजे ही कात्री बहुतेक वेळा कागदावरच चाले. जे चित्रित झालंच नाही ते कापावं लागत नाही, आणि त्याची नोंद प्रेक्षकापर्यंत पोचतही नाही.

आता तरलतेकडे येऊ. सूचकतेचा हॉलीवूडमधला सर्वांत मोठा उस्ताद अर्न्स्ट लुबिच, याबद्दल सहसा दुमत नसतं. बर्लिनहून आलेल्या या दिग्दर्शकाने बंद दाराचा जेवढा उपयोग केला तेवढा इतरांना उघड्या दाराचाही करता आला नाही. त्याचा 'ट्रबल इन पॅराडाइज' पाहा. श्रीमंत विधवा मारिएट आणि तिचा सेक्रेटरी म्हणून घरात शिरलेला चोर गॅस्टन यांची एक संध्याकाळ लुबिच नुसत्या घड्याळांवर सांगतो. कॅमेरा घड्याळावर रोखलेला, माणसं चौकटीबाहेर. आपल्याला फक्त त्यांचे आवाज ऐकू येतात, दारावरची टकटक ऐकू येते आणि काटे पुढे सरकत रात्र चढत गेलेली दिसते. पुढे एका प्रसंगात मारिएट त्याला म्हणते की आपल्यापुढे खूप वेळ आहे. आठवडे म्हणते तेव्हा दोघं एका आरशात दिसतात. महिने म्हणते तेव्हा दुसऱ्या आरशात. वर्षं म्हणते तेव्हा दोघांच्या सावल्या पलंगावर पडलेल्या असतात. यापेक्षा कमी दाखवून यापेक्षा जास्त सांगणारा प्रसंग मला आठवत नाही.

हा सिनेमा १९३२चा आहे. ब्रीनचं कार्यालय तेव्हा अस्तित्वात नव्हतं. लुबिचला दार बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं; ते त्याने त्याच्या मनाने बंद केलं, कारण बंद दारात त्याला जास्त गंमत दिसत होती आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवर त्याचा विश्वास होता. आणि पुढे काय झालं? १९३५ मध्ये पॅरामाउंटने हा सिनेमा पुन्हा लावायची परवानगी मागितली तेव्हा ब्रीनच्या कार्यालयाने ती नाकारली. संहिता मोडीत निघेपर्यंत, १९६८ पर्यंत, तो अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रेक्षकाला दिसलाच नाही. ज्या कात्रीला आपण तरलतेची जननी मानतो तिने तरलतेचा सर्वोत्तम नमुना तीसहून अधिक वर्षं कुलपात ठेवला.

दुसरा नेहमीचा दाखला म्हणजे 'इट हॅपन्ड वन नाइट'मधली दोरीवर टांगलेली चादर. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांना एका खोलीत रात्र काढावी लागते आणि दोन पलंगांच्या मध्ये ही चादर असते. शेवटी तुतारी वाजते, चादर खाली पडते, सिनेमा संपतो. संहितेमुळे सुचलेली कल्पना म्हणून कितीतरी लेखांत हिचा गौरव झाला आहे. सिनेमा १९३४च्या फेब्रुवारीत आला. ब्रीनचं राज्य सुरू व्हायला तेव्हा काही महिने बाकी होते.

समोरच्या बाजूचा भक्कम पुरावाही पुढे ठेवायला हवा, कारण तो आहे. 'कॅसाब्लांका'त इल्सा रात्री रिकच्या खोलीत येते, पिस्तूल रोखते, कोसळते, मिठी पडते. मग विमानतळाचा फिरता दिवा दिसतो, आणि पुन्हा खोलीत येतो तेव्हा रिक खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढत असतो. मधल्या वेळात काय झालं? दोघांमध्ये शरीरसंबंधाची सूचना नको, असं ब्रीनने बजावलं होतं, आणि त्यातून ही संदिग्धता आली. 'नोटोरिअस'मध्ये हिचकॉकने केरी ग्रांट आणि इंग्रिड बर्गमन यांना दोन-अडीच मिनिटं एकमेकांना बिलगून गॅलरीतून टेलिफोनपर्यंत आणि तिथून दारापर्यंत चालवलं. जेवणात कोंबडी करायची की नाही यावर बोलता बोलता ते थांबतात, पुन्हा चुंबन घेतात, पुन्हा बोलतात. सलग चुंबनावरचा आक्षेप चुकवायला केलेली ही युक्ती अप्रतिम आहे. हे दोन प्रसंग बंधनामुळे जास्त चांगले झाले असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. ब्रीनच्या कार्यालयातून वर्षाला शेकडो सिनेमे जात होते. सगळ्यांना तीच बंधनं होती. त्यातले हिचकॉकचे, वायल्डरचे, प्रेस्टन स्टर्जेसचे मूठभर आपण आज आठवतो. बाकीच्यांत त्याच बंधनांनी काय निपजलं? ठोकळेबाज शेवट, शेवटच्या रिळात अचानक पश्चात्तापदग्ध झालेले गुंड, जुळ्या पलंगांवर झोपणारी नवरा-बायको. बंधनातून कला फुलते हा नियम असता तर ती सरसकट फुलली असती. ज्यांच्या अंगी मुळात कसब होतं त्यांनी अडथळ्यातूनही वाट काढली, एवढंच यातून सिद्ध होतं. बिली वायल्डर तर कात्री ढिली पडल्यावरच्या काळातही तितकाच धारदार लिहीत राहिला. त्याचा 'सम लाइक इट हॉट' १९५९ मध्ये संहितेच्या प्रमाणपत्राशिवाय प्रदर्शित झाला आणि आजही विनोदी सिनेमांच्या कुठल्याही यादीत तो वरच्या जागेवर असतो.

आता ज्यांना वाट काढताच आली नाही त्यांच्याबद्दल. लिलियन हेलमन यांचं १९३४ मध्ये ब्रॉडवेवर गाजलेलं 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक दोन शिक्षिकांवर एका विद्यार्थिनीने केलेल्या समलैंगिकतेच्या आरोपाबद्दल आहे. सॅम्युएल गोल्डविनने हक्क घेतले, पण त्यावरच्या सिनेमात तो आरोप घेता आला नाही. १९३६ मध्ये 'दीज थ्री' या नावाने सिनेमा आला तेव्हा तो एका पुरुषावरून उभ्या राहिलेल्या त्रिकोणाचा झाला होता. मूळ नाटकाचं नाव जाहिरातीत वापरायचीही बंदी होती. १९४७च्या 'क्रॉसफायर'मध्ये एका ज्यू माणसाचा द्वेषापोटी खून होतो. ज्या कादंबरीवरून तो काढला तिच्यात मारला जाणारा माणूस समलैंगिक होता. त्या काळात अमेरिकेतल्या थिएटरांत बसलेल्या लाखो समलैंगिक स्त्री-पुरुषांनी आपल्यासारखं माणूस पडद्यावर जवळजवळ कधी पाहिलंच नाही, आणि पाहिलं तर थट्टेचा विषय किंवा खलनायक म्हणून. इथे कुठली तरलता जन्माला आली?

राजकारणाचंही तेच. इतर राष्ट्रांच्या भावना दुखावू नयेत असं संहितेत एक निरुपद्रवी दिसणारं कलम होतं. १९३३ मध्ये पटकथालेखक हर्मन मॅंकिएविझने हिटलरविरोधी सिनेमाची जुळवाजुळव केली, ती हेज यांच्या कार्यालयाच्या विरोधामुळे फसली. लॉस एंजेलिसमधला जर्मनीचा वाणिज्यदूत गेऑर्ग गिसलिंग ब्रीनला पत्रं लिहून स्टुडिओंवर दबाव आणत राहिला. अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल या विषयावरची सिंक्लेअर लुइस यांची कादंबरी एमजीएमने विकत घेतली, पटकथा तयार झाली, ब्रीनच्या हरकतींची लांबलचक यादी आली आणि १९३६ मध्ये स्टुडिओने तो प्रकल्प गुंडाळला. वॉर्नरचा 'कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय' यायला १९३९ साल उजाडलं, आणि त्याही वेळी संहितेच्या कार्यालयातल्या एका परीक्षकाला त्यात हिटलरवर अन्याय होतो असं वाटलं होतं. ब्रीनच्या त्या दशकाच्या सुरुवातीच्या खासगी पत्रांत हॉलीवूडमधल्या ज्यूंबद्दल विखारी मजकूर आहे. तो आता इतिहासकारांनी उजेडात आणला आहे. नैतिकतेचा पहारा कुणाच्या हातात होता हे विसरून त्या पहाऱ्याचं मोल ठरवता येत नाही.

वर्णाबद्दलच्या कलमाने केलेलं नुकसान मला सगळ्यांत जास्त जाणवतं, कारण त्यात माणसांची आख्खी कारकीर्द गेली. लॉस एंजेलिसमध्ये लाँड्रीवाल्याच्या घरी जन्मलेली ॲना मे वाँग १९२२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, 'द टोल ऑफ द सी'ची नायिका झाली होती. एमजीएमने चिनी शेतकरी कुटुंबावरचा 'द गुड अर्थ' काढायचं ठरवलं तेव्हा ओलानच्या भूमिकेसाठी तिच्याइतकी योग्य अभिनेत्री हॉलीवूडमध्ये नव्हती. पण नायक म्हणून पॉल म्युनी हा गोरा नट चिनी रंगभूषेत उभा राहणार होता. कलमात उल्लेख गोऱ्या-काळ्यांचाच असला, तरी गोऱ्या नटासमोर पत्नी म्हणून चिनी वंशाची नटी, हेही त्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. ती भूमिका लुइझ रेनरला मिळाली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. वाँगला देऊ केलेली भूमिका घर मोडणाऱ्या दुसऱ्या बाईची होती. तिने ती नाकारली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिची प्रतिमा पाव डॉलरच्या नाण्यावर आणली. नाण्यावर येऊ शकणारी ही बाई ऐन उमेदीत आपल्याच शहरातल्या सिनेमात आपल्याच वंशाच्या स्त्रीची मध्यवर्ती भूमिका करू शकली नव्हती.

लीना हॉर्न या काळ्या गायिका-अभिनेत्रीने १९४२ मध्ये एमजीएमशी करार केला. तिची गाणी बऱ्याचदा कथेपासून सुटी चित्रित केली जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांत ती उचलून टाकली तरी गोष्ट तुटू नये. मेम्फिसच्या सेन्सॉर मंडळाचा प्रमुख लॉइड बिनफर्ड याने तर १९४७ मध्ये एका सिनेमात गोरी आणि काळी मुलं एकाच वर्गात बसलेली दिसतात म्हणून त्याला बंदी केली. १९५१च्या 'शो बोट'मध्ये मिश्रवंशीय जूलीची भूमिका हॉर्नला करायची होती. ती एवा गार्डनरला गेली.

आणि मर्ल ओबेरॉन. हिची गोष्ट मुंबईत सुरू होते. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली, मुंबई आणि कोलकात्यात वाढलेली ही मिश्रवंशीय मुलगी लंडनला गेली, निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत भरली आणि पुढे हॉलीवूडची तारका झाली. 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, १९३९च्या 'वदरिंग हाइट्स'ची ती नायिका होती. जगाला तिने सांगितलं की आपला जन्म टास्मानियात झाला. सावळेपणा झाकणारी रंगभूषा, विशेष प्रकाशयोजना, आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे लंडनमध्ये स्वतःला वाढवणाऱ्या बाईची मोलकरीण म्हणून करून दिलेली ओळख, हे सगळं त्या एका खोट्यासाठी. खरं बाहेर आलं असतं तर गोऱ्या नायकाच्या मिठीतली नायिका म्हणून तिची कारकीर्द त्याच दिवशी संपली असती. अमेरिकेच्या कायद्यात भारतातून गेलेल्या माणसाला १९४६ पर्यंत नागरिकत्वाचीही वाट नव्हती. १९७९ मध्ये ती वारली, आणि तिचं मुंबईतलं मूळ लोकांपर्यंत पोचलं ते त्यानंतर. २०२३ मध्ये मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा, या गटात आशियाई वंशाचं पहिलं नामांकन कुणाचं, असा प्रश्न निघाला आणि उत्तर म्हणून मर्लचं नाव पुन्हा पुढे आलं. आपल्या मुंबईची ही मुलगी मृत्यूपर्यंत 'मी मुंबईची' असं म्हणू शकली नाही. तिच्या पडद्यावरच्या सौंदर्याकडे पाहताना हे मला विसरता येत नाही.

कात्रीने प्रत्यक्ष सिनेमाचं काय केलं तेही एकदा जवळून पाहावं. १९३३चा 'बेबी फेस'. बार्बरा स्टॅनविकची लिली पोलाद कारखान्यांच्या गावातल्या दारूच्या अड्ड्यावर वाढलेली; बापच तिला गिऱ्हाइकांपुढे करतो. एक म्हातारा चांभार तिला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचायला देतो आणि सांगतो की तू पुरुषांना वापर, त्यांना तुला वापरू देऊ नकोस. ती शहरात जाते, एका बँकेत शिरते, आणि कॅमेरा इमारतीच्या बाहेरून मजला-मजला वर चढत जातो; दर मजल्यावर एक साहेब आणि लिलीची एक बढती. महामंदीच्या काळातल्या एका गरीब मुलीचा हा निखालस हिशेब आहे, आणि स्टॅनविक तो क्षणभरही लाजल्याशिवाय मांडते. न्यूयॉर्कच्या मंडळाने सिनेमा नाकारला. मग स्टुडिओने चांभाराचं तोंड नीट दिसत नाही अशा कोनातल्या दृश्यावर नवे संवाद चढवले. आता चांभार तिला सन्मार्ग आणि कुमार्ग यांतला फरक समजावू लागला. शेवटी ती आणि तिचा नवरा सगळं गमावून त्याच पोलादाच्या गावात कष्टाचं जिणं जगू लागतात, असा शेवट जोडला. मूळ प्रत २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात ओहायोतल्या डेटन इथे सापडली. दोन्ही प्रतींत जेमतेम चार-पाच मिनिटांचा फरक आहे. पण पहिली प्रत लिलीच्या परिस्थितीबद्दल समाजाला जाब विचारते आणि दुसरी लिलीलाच दोषी ठरवते.

ही प्रत सापडली हे आपलं नशीब. पुनःप्रदर्शनासाठी ब्रीनची परवानगी हवी असेल तर स्टुडिओ थेट मूळ निगेटिव्हलाच कात्री लावत. रूबेन मामुलियनच्या 'लव्ह मी टुनाइट'मधले असे कापलेले तुकडे आजवर मिळालेले नाहीत. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर फुलं पाण्यात सोडत खेळतो. फुलं संपतात, आणि तिलाही फुलासारखी तरंगेल असं समजून तो पाण्यात टाकतो. मग भांबावून जातो. त्याच्या निरागसपणाचा आणि शोकांतिकेचा तो गाभा आहे. पुनःप्रदर्शनात हा भाग गेला. उरलं एवढंच: राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि नंतर तिचा बाप तिचं प्रेत घेऊन गावात येतो. मधे काय घडलं असेल याची जी कल्पना प्रेक्षक करू लागला ती मूळ दृश्यापेक्षा कितीतरी भयंकर होती. १९८०च्या दशकात ते तुकडे परत जोडले गेले तोवर चार-पाच दशकांच्या प्रेक्षकांनी तो राक्षस चुकीचाच ओळखला होता.

संहिता नसती तर सरकारी सेन्सॉर आला असता आणि तो अधिक जाचक ठरला असता, असा एक युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. डझनावारी मंडळांच्या वेगवेगळ्या कटांपेक्षा एकच नियमावली स्टुडिओंना स्वस्त पडत होती, आणि त्यांचा हेतू धंदा वाचवण्याचा होता हे त्यांनी कधी लपवलंही नाही. मुलांना काय दिसावं याची पालकांना वाटणारी काळजीही खोटी नव्हती. पण त्या काळजीवर १९३४ मध्येही दुसरा उपाय शक्य होता: कोणता सिनेमा कुणासाठी आहे ते सांगा आणि मोठ्यांना ठरवू द्या. हॉलीवूडला तो १९६८ मध्ये सुचला. तोपर्यंत १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली होती. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने १९१५चा निकाल फिरवून सिनेमाला अभिव्यक्तीचा दर्जा दिला. १९५३ मध्ये ओटो प्रेमिंजरचा 'द मून इज ब्लू' प्रमाणपत्राविना लागून चांगला चाललाही. कात्रीची धार मक्तेदारीतून येत होती, हे या क्रमातच दिसतं. थिएटरं सुटली आणि ती बोथट झाली.

आपल्याकडे हा सगळा इतिहास 'बघा, बंधनं असली की कला फुलते' एवढ्या एका वाक्यात संपवला जातो, त्याचा मला त्रास होतो. आपलं सेन्सॉरही काही आपल्या संस्कृतीच्या पोटातून आलेलं नाही. १९१८चा कायदा ब्रिटिशांनी केला आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे मंडळं बसवली. अमेरिकन सिनेमांतली गोरी बाई पाहून हिंदी माणसाच्या मनातला साहेबाचा दरारा कमी होईल, ही त्यांची एक मोठी चिंता होती. १९३३च्या 'कर्मा'त देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन आहे. दोन फुलांचा काळ त्याच्या नंतरचा. स्वातंत्र्यानंतर १९५२चा कायदा आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७०च्या निकालाने प्रदर्शनपूर्व सेन्सॉरशिप वैध ठरवली. तो निकाल अजून उभा आहे.

श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये मंडळाने मुख्यतः वयानुसार प्रमाणपत्र देण्याचं काम करावं असं सुचवलं. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे तीन गट केले, पण कात्रीचा अधिकार जागेवरच ठेवला. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला जे अपील न्यायाधिकरण होतं ते २०२१ मध्ये बरखास्त झालं, त्यामुळे छोट्या निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. मर्यादित पैशांत सिनेमा काढणाऱ्या, प्रदर्शनाची तारीख आधीच ठरवून बसलेल्या मराठी निर्मात्याला ते परवडतं का? तो कट मान्य करून मोकळा होतो. ओटीटीवर मंडळ नाही, पण मोजक्या कंपन्यांच्या हातात निर्मितीही आहे आणि दाखवण्याचा पडदाही आहे. तक्रार आली, गुन्हा नोंदला गेला, की २०२४च्या जानेवारीत 'अन्नपूर्णी' हा तमिळ सिनेमा नेटफ्लिक्सने काढून टाकला तसा आख्खा सिनेमा एका रात्रीत गायब होतो. आणि पुढच्या लेखकाला कथा मांडतानाच, 'हा विषय नको', असं सांगितलं जातं. ब्रीनच्या टेबलावर पटकथा जाई, तसंच हे आहे.

माझी मागणी साधी आहे. मंडळाने वयोगट ठरवावा, सिनेमात काय आहे ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगावं आणि प्रौढांसाठीच्या सिनेमाला हात लावू नये. बेकायदा मजकुराचा निवाडा न्यायालयाने करावा. अपील न्यायाधिकरण पुन्हा सुरू करावं. हे होईपर्यंत जो कट सुचवला जाईल त्याची कारणासह यादी कुणालाही वाचता येईल अशी खुली ठेवावी, आणि कापण्याआधीची पूर्ण प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करणं बंधनकारक करावं. ओटीटी कंपनीने एखादा सिनेमा किंवा मालिका काढून टाकली तर तिची प्रतही तिथेच यावी. 'बेबी फेस'ला डेटनचं कपाट मिळालं होतं. आज आपल्याकडे जे कापलं जातं आहे, काढलं जातं आहे, ते सत्तर वर्षांनी कुणाला शोधावंसं वाटलं तर सापडावं कुठे, हे आत्ताच ठरवायला हवं.